कापणीचे अवजार आणि किडीचे बिऱ्हाड

आश्विन-कार्तिकात खरिपाची कापणी देशाच्या मोठ्या भागात एकदमच अंगावर येते. कोकण, छत्तीसगड व ओडिशात भात, विदर्भात कापूस आणि सोयाबीन, माळव्यात पुन्हा सोयाबीन, पंजाब-हरियाणात भात उचलून गव्हासाठी रान मोकळे करण्याची घाई. या दिवसांत अवजारांविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात बहुधा तीन गोष्टींचा हिशेब असतो: वेळ किती वाचला, मजूर किती कमी लागले आणि दाणे किती गळले. तिन्ही हिशेब आवश्यकच आहेत. परंतु कीटकशास्त्राच्या अंगाने पाहणाऱ्यास या तक्त्यातील एक रकाना कायम कोरा दिसतो. पीक कापून नेल्यावर शेतात काय उरते आणि त्या उरलेल्यात कोण राहते, हा तो रकाना. कापणीचे अवजार हे हंगामातील शेवटचे पीक-संरक्षण अवजारही असते. त्याची निवड, शिफारस आणि अनुदान ठरवताना हा विचार जवळजवळ होतच नाही, असे माझे मत आहे.

सर्वांत साधे अवजार घेऊ. पंजाबात त्याला दातरी म्हणतात, हिंदी पट्ट्यात हंसिया, बंगालात कास्ते, आंध्र-तेलंगणात कोडवली, कर्नाटकात कुडुगोलु आणि आपल्याकडे विळा किंवा कोयती. नावे अनेक, काम एक. पण विळा जमिनीपासून किती उंचीवर फिरतो, यावर भाताच्या पिवळ्या खोडकिड्याचे पुढील वर्षाचे भवितव्य बऱ्याच अंशी ठरते.

खोडकिड्याचा परिचय या वाचकांना नव्याने करून देण्याची गरज नाही. फुटव्यांच्या अवस्थेत गाभेमर आणि लोंबी निसवताना पळींज ही त्याची दोन्ही लक्षणे शेतकरी ओळखतात. पाच टक्के कीडग्रस्त फुटवे किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज ही आर्थिक नुकसानीची पातळीही प्रशिक्षणांतून पाठ झालेली असते. मात्र हे सारे ज्ञान उभ्या पिकाचे आहे. पीक पक्व होऊ लागते तशी अळी खोडातून खाली सरकते आणि बुंध्याशी, जमिनीच्या पातळीजवळ, मुक्काम करते. ज्या भागात वर्षातून भाताचे एकच पीक घेतले जाते तेथे ती धसकटातच सुप्तावस्थेत कोरडा काळ काढते. पाऊस पडून नवी लावणी झाली की पतंग बाहेर येतात. म्हणजे शेत रिकामे दिसते त्या काळातही किडीचे बिऱ्हाड तेथेच असते. आपण पीक नेले, घर मात्र तिच्यासाठी राखून ठेवले.

भात वीतभर उंचीवर कापला तर बहुसंख्य अळ्या धसकटात सुखरूप राहतात. तोच जमिनीलगत कापला तर काही अळ्या पेंढ्याबरोबर खळ्यावर जातात व मळणीत, उन्हात त्यांतील बऱ्याच मरतात. उरलेल्यांचे आश्रयस्थान तोकडे व उघडे पडते. ऊन, पक्षी आणि मुंग्या पुढचे काम करतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने वैभव विळ्याने जमिनीलगत कापणी करण्याची शिफारस खोडकिडा व्यवस्थापनात केलेली आहे, ती याच कारणाने. कापणीनंतर लगेच नांगरट करून धसकटे उपटून टाकावीत, ही त्या शिफारशीची दुसरी बाजू. दोन्ही एकत्र केल्यासच पूर्ण गुण येतो, हे खरे. पण कोकणात पावसाळा सरला की खाचरातील जमीन पाहता पाहता आवळते. वाल, कुळीथ वा चवळीसाठी ओलाव्यावर नांगर घातला जातो तेवढीच खाचरे फिरतात, बाकीची पुढच्या पावसापर्यंत तशीच पडून असतात. जेथे नांगर जाणार नाही तेथे विळ्याची उंची हाच एकमेव हस्तक्षेप उरतो. म्हणून त्याला दुय्यम मानणे मला पटत नाही.

यावर सहकाऱ्यांचा एक आक्षेप असतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. धसकटांत मित्रकीटकही राहतात, मग ती काढून टाकणे कितपत शहाणपणाचे? माझे उत्तर असे की खोडकिड्याला आवर घालणाऱ्या परोपजीवींत महत्त्वाचे ते अंड्यांवरचे आहेत. ट्रायकोग्रामा, टेलेनोमस व टेट्रास्टिकस या गांधीलमाश्यांच्या दूरच्या, नखाच्या टोकावर मावतील अशा नातलगांना धसकटातील अळीशी कर्तव्य नसते. कोळी बांधावरील गवतात व पेंढ्यांच्या भाऱ्यांखाली आसरा घेतात. तेव्हा धसकट काढा, पण बांध जाळू नका. दुर्दैवाने प्रत्यक्षात अनेक ठिकाणी उलटे घडते: खाचरात धसकटे उभी आणि बांध मात्र जाळून स्वच्छ.

आता यातील अवघड भाग. जमिनीलगत कापा, हे सांगणारा उभा असतो आणि ऐकणारी वाकलेली. देशभर हाताने होणाऱ्या भातकापणीत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. विळा चार बोटे खाली नेणे म्हणजे कंबर तेवढी अधिक वाकवणे, आणि तेही दिवसातून हजारो वेळा. साध्या गुळगुळीत पात्याचा विळा जमिनीलगत चालवताना बोटांची पेरे ढेकळांवर घासतात, धार दगडाला लागून बोथट होते आणि मग प्रत्येक चुडाला दोन झटके द्यावे लागतात. अशा विळ्याने कोणी वीतभर उंच कापत असेल तर तो आळस नव्हे. शरीराने काढलेला तो रास्त मार्ग आहे.

येथेच अवजाराची रचना आणि कीड-व्यवस्थापन यांची गाठ पडते. दातेरी पात्याचा विळा ओढीने, करवतीसारखा कापतो. त्याला घाव घालावा लागत नाही, त्यामुळे लोंबीला हिसका कमी बसतो आणि वारंवार धार लावण्याचीही गरज पडत नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने विकसित केलेल्या ‘नवीन’ विळ्यात पकड नीट बसावी व हाताला इजा होऊ नये म्हणून मुठीला मुद्दाम बाक दिलेला आहे. अभियंत्यांनी तो श्रम वाचवण्यासाठी दिला. मला त्यात किडीचा उपायही दिसतो, कारण पेरे सोलवटणार नाहीत तेव्हाच विळा खाली जाईल. वजनाने हलका, मुठीला बाक असलेला दातेरी विळा ही माझ्या लेखी कीटकनाशकाच्या एका फवारणीआधी विचारात घ्यावी अशी वस्तू आहे. किमतीतही तो फवारणीपेक्षा स्वस्त पडतो आणि पुढच्या हंगामातही चालतो.

पण तो विकत कोणी घ्यायचा? कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून देशभर राबवले जात आहे. त्यातून ट्रॅक्टरचलित अवजारे, रीपर, मळणीयंत्रे व अवजार बँका गावोगाव पोहोचल्या, हे चांगलेच झाले. मात्र अनुदानाची वाट सामान्यतः जमिनीच्या कागदावरून जाते. सातबाऱ्यावर जिचे नाव नाही आणि जी स्वतःचा विळा कंबरेला खोचून दुसऱ्याच्या शेतात कापणीला जाते, ती या वाटेवर कोठेच भेटत नाही. विळा तिचा, शेत दुसऱ्याचे आणि पुढच्या वर्षीचा खोडकिडाही दुसऱ्याचाच. त्यात कापणी उक्ती दिलेली असेल तर उंच कापण्यातच तिचा फायदा असतो. म्हणून माझी सूचना साधी आहे. शेतमालकाने किंवा शेतकरी गटाने दातेरी विळे स्वतः घेऊन कापणाऱ्यांच्या हाती द्यावेत, आणि जमिनीलगत कापणीचा दर वेगळा, थोडा चढा ठरवावा. मजुरीचा दर न बदलता केलेली तांत्रिक शिफारस कागदावरच राहते.

यंत्रांबाबत उंचीचा प्रश्न निराळ्या रूपात येतो. रीपर व कापणीचे पाते लावलेला ब्रश कटर यांची उंची चालक ठरवतो. खाचर असमतल असेल तर पाते जमिनीत घुसू नये म्हणून तो ती वाढवतो. त्याला उंचीचे कारण कोणी सांगितलेलेच नसते. कंबाईन हार्वेस्टर तर मुळातच उंच धसकट सोडतो. पंजाब-हरियाणात त्यातून पेंढा जाळण्याचा प्रश्न उभा राहिला, हे सर्वज्ञात आहे. जाळण्याला कीडनियंत्रणाचे निमित्त देणाऱ्यांशी मी सहमत नाही. बुंध्याशी, मातीलगत बसलेली अळी सगळीच जळत नाही, आणि जमिनीवरचे परभक्षी मात्र होरपळतात. त्याचबरोबर हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे की भातानंतर गव्हाकडे वळू शकणारा गुलाबी खोडकिडा हा अवशेष राखून पेरणी करणाऱ्या पद्धतीत लक्ष ठेवण्याजोगा शत्रू आहे. पेंढा जाळू नये हे बरोबरच आहे. पण न जाळलेल्या पेंढ्यात काय चालले आहे हे पाहणारा माणूसही त्या शेतात फिरला पाहिजे.

कापसात अवजार म्हणजे वेचणीची झोळी. सीतादहीची पूजा झाली की पहिली वेच सुरू होते आणि पुढे दोन-तीन महिने बाई व झोळी यांची सोबत सुटत नाही. येथे गुलाबी बोंडअळीचा सारा प्रश्न एका झोळीऐवजी दोन झोळ्यांचा आहे. निरोगी बोंडाचा कापूस एकीत आणि किडकी कवडी दुसरीत. सुप्तावस्थेतील अळी पुष्कळदा दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत बसते. ही जोडबी चांगल्या कापसात मिसळली की घरातल्या गंजीत आणि तेथून जिनिंगपर्यंत जाते. घरात साठवलेल्या कापसातून निघालेले पतंग पुढील हंगामाच्या फुलांना शोधत बाहेर पडतात. डिसेंबरअखेर पीक संपवा, फरदड घेऊ नका, पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचू नका, श्रेडरने तिचा चुरा करा, हे सारे आपण सांगतोच. कवडीची वेगळी झोळी मात्र क्वचित सांगतो. त्याचे कारणही पुन्हा मजुरीत आहे: वेचणी किलोवर दिली जाते, कवडी वजनाला हलकी असते आणि ती वेगळी करण्यात हात थांबतो. जो शेतकरी कवडीचे वजनही चांगल्या कापसाच्याच दराने धरतो त्याच्याकडे दुसरी झोळी भरते. झोळी सुती कापडाचीच असावी. प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे रुईत गेले की भाव पडतो, ते वेगळेच नुकसान.

संत्र्याच्या अंबिया बहराबद्दल थोडक्यात. फळ हिसकून तोडले की देठाजवळची साल फाटते, म्हणून कात्रीने तोडावे, हे बागाइतदार जाणतात. माझा आग्रह दुसऱ्याच अवजाराचा, एका साध्या घमेल्याचा आहे. रस शोषणारा पतंग सायंकाळनंतर पिकत्या फळाला सोंड खुपसतो आणि तेथून कूज सुरू होऊन फळ गळते. गळलेल्या फळांचा आंबूस वास आणखी पतंगांना बोलावतो. तोडणीच्या प्रत्येक फेरीत एक घमेले केवळ पडलेल्या फळांसाठी फिरावे आणि ती फळे खड्ड्यात पुरावीत. बांधावरच्या गुळवेल व वासनवेलीवर याच पतंगाच्या अळ्या वाढतात, हेही जाता जाता पाहून घ्यावे.

मळणीयंत्राच्या गतीची चर्चा सोयाबीनच्या बियाण्यापुरती मर्यादित राहते. दाण्यात १४ टक्के ओलावा असताना मिनिटाला ४०० ते ५०० फेरे आणि १३ टक्के असताना ३०० ते ४०० फेरे, ही शिफारस उगवणशक्तीसाठी आहे. पण साठवणीचा विचार केला तर फुटका दाणा कोणत्याही पिकात निमंत्रणपत्रिकाच असतो. तांबड्या पिठकिड्याला अखंड दाणा सहसा फोडता येत नाही. भरडलेला, तडकलेला दाणा आणि भुकटी यांवर तो वाढतो. मूग-उडदाचा भुंगेरा तर शेतातच शेंगेवर अंडी घालून घरी येतो. तेव्हा मळणीनंतर चाळणी, ताडपत्रीवर कडक ऊन आणि शक्य असेल तेथे गटाच्या मालकीचे ओलावामापक यंत्र, एवढे तरी असावे. दाताखाली दाणा कडकन फुटतो का, ही जुनी कसोटी टाकाऊ नाही. पण व्यापारी यंत्र लावून ओलावा मोजत असेल तर शेतकऱ्याकडेही यंत्र हवे.

अवजारांच्या चाचणीपद्धतीविषयीही बोलले पाहिजे. कापणीच्या यंत्राचे मूल्यमापन करताना क्षेत्रक्षमता, इंधनखर्च आणि धान्याची गळ मोजतात. त्यात धसकटाची सरासरी उंची आणि प्रति चौरस मीटर धसकटांतील जिवंत अळ्या हे दोन आकडे जोडण्यास फारसा खर्च नाही. कीटकशास्त्र विभाग आणि अभियांत्रिकी विभाग अनेकदा एकाच आवारात असतात. एकमेकांच्या प्रक्षेत्रावर मात्र पाहुण्यासारखे जातात.

विस्तार कार्यकर्त्यांना यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज नाही. कापणीनंतरच्या पंधरवड्यात आपल्या गावातील दोन खाचरे निवडावीत, एक जमिनीलगत कापलेले आणि एक उंच कापलेले. प्रत्येकात पाच ठिकाणी चौरस मीटरची चौकट टाकून आतील धसकटे मुळासकट उपटावीत, चाकूने उभी चिरावीत आणि पिवळसर पांढऱ्या अळ्या मोजाव्यात. चिरण्याचे काम शेतकऱ्यांच्या हाती द्यावे, आणि ज्यांनी ते शेत कापले त्या स्त्रियांनाही त्या वेळी बोलवावे. आकडे वहीत लिहून ठेवावेत, शेजारी कापणाऱ्यांना दिलेला दर आणि वापरलेल्या विळ्याचा प्रकार लिहावा. पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याच खाचरांत आणि त्यांच्या आजूबाजूला गाभेमर किती दिसते तेही त्याच पानावर नोंदवावे. पतंग बांध ओळखत नाहीत, त्यामुळे एका खाचराचा फरक शेजारच्या उंच धसकटांत विरून जाण्याची शक्यता आहे. तसे झाले तर पुढील कापणीला चौकट मोडून संपूर्ण शिवाराचा प्रयोग मांडावा लागेल, आणि त्यासाठी गटाची बैठक विळे घासायला काढण्यापूर्वी, घटस्थापनेच्या आसपास, घ्यावी.