पाण्याआधी उपदेश, पाण्यानंतर पैसे



विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडणार म्हटलं की आपण आधी म्हाताऱ्या माणसांना हलवतो, मग धान्याचे डबे. दारातल्या गाडीचं काय? सासऱ्यांच्या वेळची आमची प्रीमियर पद्मिनी ऐनवेळी सुरू होईल याचा भरवसा नाही. ट्रकवर चढवून उंचावर न्यायची तर पैसे आपल्याच खिशातून.

घरातली पॉलिसी एकदा वाचाच. खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत अट असते, की नुकसान होऊ नये म्हणून वाजवी काळजी विमाधारकाने घ्यावी. घेऊ की! पण तिचा खर्च कोणी द्यायचा? गाडी बुडून बंद पडली तर गॅरेजपर्यंत ओढून न्यायला 1500 रुपयांपर्यंत मिळतात, ही मूळ छापील मर्यादा. बुडण्याआधी हलवली तर शून्य. (नुसती थर्ड पार्टी असेल तर बुडालेल्या गाडीचीही दमडी मिळत नाही.)

बी.कॉम.ला सागरी विमा शिकले होते. त्यात जहाज, माल वाचवण्यासाठी केलेला वाजवी खर्च कंपनीकडून वसूल करता येतो, 1963 च्या कायद्यात त्याची तरतूद आहे. अमेरिकेत जुन्या संग्रही गाड्यांच्या काही पॉलिसींत वादळाआधी गाडी हलवण्याचा खर्चही मिळतो. मग आपल्याकडेच का नाही?

"जुन्या गाड्या म्हणजे श्रीमंतांची हौस," असं कोणी म्हणेल. अहो, हीच अट तुमच्या अल्टोच्या पॉलिसीतही आहे! पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत तर कंपनी आणि आपण मिळून ठरवायची असते, तीही एजंट परस्पर लिहून मोकळा होतो. यंदा नूतनीकरणाचा चेक देण्याआधी दोन्ही गोष्टी त्याला लेखी विचारा.