प्रोग्रॅम अस्सल, शेजारी तोतया

संगणकात घुसखोरी झाली म्हटले की आपण अनोळखी प्रोग्रॅम शोधू लागतो. पण सप्टेंबर २०२० मध्ये पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या ‘सेक्राइट’ विभागाने ‘साइडकॉपी’ या हेरगिरीच्या मोहिमेचा अहवाल दिला, त्यात वापरलेला प्रोग्रॅम खुद्द मायक्रोसॉफ्टचा होता. लक्ष्य होते भारतीय संरक्षण दलांतील कर्मचारी. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आणि अंबाझरीची आयुध निर्माणी असलेल्या नागपूरला हा विषय परका नाही.

विंडोजमधला कोणताही प्रोग्रॅम सगळी कामे स्वतः करत नाही. छपाई, पडद्यावर चौकट काढणे, इंटरनेटशी जोडणे यांसाठीचा कोड ‘डीएलएल’ नावाच्या वेगळ्या फायलींत असतो आणि प्रोग्रॅम त्यांना नावाने हाक मारतो. पूर्ण पत्ता दिलेला नसेल, तर काही ठरावीक सिस्टीम फायली वगळता विंडोज आधी प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये पाहते. नाव जुळले की प्रवेश. ओळखपत्र सहसा कुणी विचारत नाही.

साइडकॉपीवाल्यांनी हेच हेरले. झिप फाइलमध्ये कागदपत्रासारखा दिसणारा शॉर्टकट असे. एकाचे नाव होते ‘डिफेन्स प्रॉडक्शन पॉलिसी २०२०’. तो उघडला की पासवर्ड जतन करणाऱ्या ‘क्रेडविझ’ या विंडोजच्याच प्रोग्रॅमची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जाई आणि तिच्या शेजारी ‘डीयूजर’ नावाची बनावट डीएलएल. क्रेडविझ सुरू झाला की तो या तोतयाला घरचा समजून आत घेई. वरवर पाहणाऱ्याला मात्र मायक्रोसॉफ्टचा सही असलेला प्रोग्रॅमच चालताना दिसणार!

मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१० मध्येच या प्रकाराबद्दल इशारा दिला होता. डीएलएलचा पूर्ण पत्ता द्यावा, तिची डिजिटल सही तपासावी, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम. पण शोधण्याचा क्रमच बदलला तर असंख्य जुने प्रोग्रॅम बंद पडतील, म्हणून वाट उघडीच राहिली. ‘कर्मचाऱ्याने फाइल उघडलीच कशाला’ हा सवाल मला म्हणूनच अपुरा वाटतो.

आपल्यापुरते सांगायचे तर फायलींची पूर्ण नावे दाखवण्याची सोय चालू केली, तरी शॉर्टकटचे शेपूट विंडोज लपवूनच ठेवते. चित्रावरचा छोटा बाण तेवढा पाहावा. आणि डाउनलोड्स फोल्डर! इन्स्टॉलर तिथूनच चालवला, तर तो आपल्या डीएलएल आधी तिथल्याच अडगळीत शोधतो. तो रिकाम्या फोल्डरमध्ये हलवून मगच चालवावा.