डोकरानी बंदूक

माळ्यावर जुनी बंदूक सापडली, तर तिला हात लावू नका. पुसू नका, बोल्ट मागे ओढून पाहू नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आधी हे पूर्ण वाचा.

आपल्या धुळे-जळगाव भागात 'डोकरानी बंदूक शे', म्हणजे आजोबांची बंदूक आहे, असं अभिमानाने सांगणारी घरं अजून भेटतात. आजोबा किंवा पणजोबा पलटणीत होते, लढाईवरून येताना जर्मनांची रायफल घेऊन आले, अशी ती गोष्ट असते. बंदूक पाहायला मिळाली तर बहुधा ठासणीची निघते, नाहीतर शिकारीची एकनळी. पकडलेली हत्यारं सैन्यात जमा करावी लागत. साधा शिपाई चार-सव्वाचार किलोची रायफल खांद्यावर टाकून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने गावी आणील, हे अवघडच. बंदुकीबद्दलची गोष्ट चुकीची असली, तरी आजोबा खोटे ठरत नाहीत. ते खरंच गेले होते. जर्मन कारखान्यातल्या रायफली त्यांच्यावर खरंच रोखलेल्या होत्या.

पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. समोर तुर्क होते आणि तुर्कांच्या हातात माउझर होत्या, जर्मनीत नेकार नदीकाठच्या ओबर्नडोर्फ गावी बनलेल्या. डिसेंबर 1915 मध्ये कुत-अल-अमाराला वेढा पडला. 29 एप्रिल 1916 ला उपाशी फौजेने शरणागती पत्करली आणि हजारो हिंदी शिपाई वाळवंटातून कैदेत चालवत नेले गेले. दुसऱ्या महायुद्धात मराठे इटलीत थेट जर्मनांसमोर उभे राहिले. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सगळे जण मशीनगनच्या माऱ्यात पडले, मेले नाहीतर जखमी झाले. घाडगे एकटेच चाल करून गेले. ग्रेनेडने मशीनगन उडवली, एकाला गोळी घातली, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने ते कोसळले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा हा बावीस वर्षांचा पोरगा. त्याचं नाव इटलीत कसिनोच्या स्मारकावर आहे. पुढच्या एप्रिलमध्ये सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणलं आणि मग एकट्याने तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. ते अहिल्यानगर जिल्ह्यातले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या मराठ्यांसमोरच्या जर्मन शिपायाच्या हातातली नेहमीची रायफल म्हणजे कराबिनर 98के. 1935 मध्ये ती सैन्यात आली आणि युद्ध संपेपर्यंत एक कोटीहून जास्त बनल्या. नळी 7.92 मिलिमीटरची, पोटात पाच काडतुसं, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट फिरवायचा.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने अशी एक विकत घेतली. तिथे कायद्याने घेता येते. त्याने फोटो पाठवले आणि विचारलं, "मामा, ही खरी आहे का?" मी त्याला म्हटलं, जुनं खत वाचतो तशी वाच. आधी शिक्का, मग साल, मग नंबर. चेंबरवर, म्हणजे नळीच्या मुळाशी वरच्या बाजूला, कारखान्याची खूण असते. माउझरने सुरुवातीला आपलं नावही लपवलं होतं, नुसतं 'एस/42' आणि सालासाठी एक अक्षर. 'के' म्हणजे 1934, 'जी' म्हणजे 1935. पुढे पूर्ण साल आलं आणि मग 'बी-वाय-एफ' ही तीन अक्षरं. भाच्याच्या रायफलीवर तीच अक्षरं होती आणि खाली 43. लाकूड गुळगुळीत, लाखेसारखं तांबूस चमकणारं. चेंबरजवळ फुलीची खूण. बोल्टवरचा नंबर विजेच्या कलमाने खरवडलेला, चेंबरवरच्या नंबराशी जुळवून घेतलेला. म्हणजे ही रायफल सोव्हिएत फौजेने जप्त केली, ढिगात ठेवून सुटी केली, हाताला येतील ते भाग जोडून पुन्हा बांधली आणि गोदामात टाकली. 1943 मध्ये ओबर्नडोर्फहून निघाली तशी ती उरलेली नाही. भाचा हिरमुसला. मी म्हटलं, हिरमुसू नकोस, ही पूर्वेच्या आघाडीवरून गेलेली आहे आणि तिच्या अंगावर दोन सैन्यांचा इतिहास आहे. फक्त तिला अस्सल म्हणून कुणाला विकू नकोस. लाकूड पॉलिश पेपरने घासू नकोस. नंबर पुन्हा ठोकून घेऊ नकोस. तसं केलंस की साक्षीदाराची जीभ कापल्यासारखं होईल.

आणखी एक खूण त्याला सांगितली. 'बी-सी-डी' ही अक्षरं दिसली तर ती रायफल वायमारच्या गुस्टलोफ कारखान्याची. त्या कंपनीचा एक कारखाना बुखेनवाल्डच्या छळछावणीला लागून उभारला होता आणि कैद्यांना तिथे राबवलं जाई. अशी रायफल हाती आली तर ती भिंतीवर मिरवायची नसते. गरुड आणि स्वस्तिकाचा शिक्का पाहून ज्याला भारी वाटतं, त्याला ही माहिती आधी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडचं. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, मग ती पणजोबांची असो की कुठल्या राजाची. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात. कलम 45 मध्ये पुरातन आणि निकामी हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशाच हत्यारांना. हे 'दुरुस्त करूनही' लोक वाचत नाहीत. गंजलेली आहे, घोडा तुटलाय, म्हणून चालतं, असं समजतात. घोडा बसवता येत असेल तर ती बंदूकच. आणि बसवता येतो की नाही, हे ठरवणारे तुम्ही-आम्ही नाही. हत्यार प्रतिबंधित वर्गात मोडलं तर शिक्षा सात ते चौदा वर्षं आहे. फेसबुकवर 'जुनी मिलिटरी रायफल, कागद नाहीत' असं कुणी विकत असेल, तर तो तुम्हाला इतिहास विकत नाही, खटला विकतोय.

परवाना आजोबांच्या नावावर होता आणि ते वारले असतील, तर बंदूक पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पोच घ्या आणि वारस म्हणून परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. परवानाच नसेल, तर आधी वकिलाशी बोला आणि पोलिसांना लेखी कळवून घरी बोलवा. पिशवीत घालून स्वतः घेऊन निघू नका. जिवंत काडतूस असेल तर तेही तिथेच राहू द्या. वरणगावच्या कारखान्यात आयुष्य घालवलेली माणसं आपल्या गावागावांत आहेत. जुनं काडतूस हाताळणं किती धोक्याचं असतं, ते त्यांना विचारा.

मग जपायचं काय? मला मनापासून वाटतं की आपण खानदेशातल्या लोकांनी लोखंडाचा नाद सोडून कागद आणि पदकं जपावीत. ट्रंकेत तळाशी पदक असेल. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल असेल तर ते नीट पाहा. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. त्याची कड उजेडात तिरकी धरा. तिथे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते पदक चांदीचं असतं, आणि तोच घात आहे. जळगावच्या सराफ बाजारात मोडीत किती पदकं वितळली असतील, याचा विचार केला की जीव तुटतो. चांदीचे थोडे पैसे येतात आणि पणजोबांचं नाव मुशीत जातं.

धुळ्याला हे सांगायला लागावं, याचं वाईट वाटतं. इतिहासाचार्य राजवाडे याच शहरात 31 डिसेंबर 1926 ला गेले आणि पुढच्याच वर्षी इथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव फिरून दप्तरं मिळवली, वाळवीच्या तोंडून कागद सोडवले. तलवारीपेक्षा तलवारीचा कागद त्यांना मोलाचा वाटे. शिपायाचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचं कार्ड, इटलीहून आलेलं सेन्सॉरच्या शिक्क्याचं पत्र, गणवेशातला फोटो, हे आपल्या काळाचं दप्तर आहे. वाचता येत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. आजोबा परत आले नसतील तर कॉमनवेल्थ युद्धकबरी आयोगाच्या यादीत नाव शोधा. बसऱ्याच्या स्मारकाची यादीही तिथे आहे. जर्मनांची युद्धसामग्री डोळ्यांनी पाहायचीच असेल तर मुलांना घेऊन अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा.

यंदा दिवाळीआधी माळा काढाल तेव्हा ट्रंक मोडीवाल्याला देण्याआधी उघडा. पदकाच्या कडेवरचं नाव, नंबर आणि पलटण वहीत उतरवून घ्या. घरात जो सर्वांत वयस्क माणूस असेल, त्याला शेजारी बसवून घ्या आणि तो जे सांगेल ते त्याच वहीत, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहा.