हलू नकोस!

गेल्या वर्षी याच पानावर माझ्या तुपात हसलेल्या अनारशांची कहाणी वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी फोन केलेत, सल्ले दिलेत. एकीने तर पीठच आणून दिलं. यंदा स्वयंपाकघराबाहेर पडले आहे. अर्थात फार लांब गेलेले नाही, कारण तूप आणि निरांजन याही लेखात आहेच.

तर झालं असं, की जानेवारीत मी आमच्या काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात फोटोग्राफीच्या वर्गाला नाव घातलं. वय वर्षं 59. वर्गातली बाकीची मुलं एकोणीस-वीसची. पहिले दोन आठवडे त्यातली काही मला शिक्षिकाच समजत होती आणि उशिरा आल्याबद्दल माझी माफी मागत होती. मीही ती देऊन टाकत होते.

मार्चमध्ये सरांनी गृहपाठ दिला. तीन गाजलेली व्यक्तिचित्रं निवडायची, मग ती फोटो असोत की पेंटिंग, आणि घरातली माणसं, घरातले कपडे, घरातला उजेड वापरून ती शक्य तितकी तशीच पुन्हा उभी करायची. आणि चौथा फोटो स्वतःचा. नक्कल कशाला, असं मला आधी वाटलं. पण एकदा करून पाहा. आपण चित्र बघतो म्हणजे त्यातला चेहरा बघतो. ते पुन्हा उभं करायचं म्हटलं की आधी विचारावं लागतं, उजेड कुठून येतोय? मग नाकाची सावली कुठल्या बाजूला पडली आहे ते बघायचं. बुबुळातला पांढरा ठिपका बघायचा. तो वर डावीकडे असला तर खिडकी वर डावीकडे. इतकी वर्षं घरादाराचे फोटो काढले, पण माणसाच्या डोळ्यात खिडकी दिसते हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

पहिला नंबर चर्चिलचा. 30 डिसेंबर 1941 रोजी ओटावात, कॅनडाच्या संसदेत भाषण झाल्यावर यूसुफ कार्शने काढलेला तो गुरगुरणारा फोटो तुम्ही पाहिला असेल. कार्श हा आर्मेनियन, पोरवयात तुर्कस्तानातून जीव वाचवून कॅनडात मामाकडे आलेला. चर्चिल सिगार ठेवायला तयार होईना, तेव्हा याने पुढे होऊन ती सरळ तोंडातून काढून घेतली आणि त्या क्षणी बटण दाबलं. आमच्याकडे सिगार नाही. पण आमचे हे फोनवर क्रिकेट बघत होते आणि शेवटची दोन षटकं राहिली होती. मी काळा कोट घालायला लावला, खुर्चीला हात टेकवायला लावला आणि फोन काढून घेतला. एका फोटोत काम झालं. सर म्हणाले, एक्स्प्रेशन अगदी अस्सल आहे. असणारच.

दुसरा फोटो डोरोथिया लँगचा, 'मायग्रंट मदर'. ही बाई आपल्या होबोकनची बरं का, 1895 चा जन्म. लहानपणी पोलिओ झाला आणि जन्मभर लंगडत चालली. मार्च 1936 मध्ये ती कॅलिफोर्नियात सरकारी कामावर फिरत होती. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली, पण घरी जायची घाई होती म्हणून पुढे निघून गेली. वीस मैलांवरून गाडी वळवून परत आली, मोजकेच फोटो काढले आणि गेली. त्यातला एक तुम्हाला ठाऊक आहे. हात गालाशी नेलेली आई, दोन्ही खांद्यांवर पाठमोरी मुलं, मांडीवर तान्हं बाळ. बत्तीस वर्षांची बाई, पण पन्नाशीची दिसते.

माझ्या मैत्रिणीला चार वर्षांचे जुळे नातू आहेत. तिला जुना स्वेटर घालून गराजमध्ये बसवलं, गराजचं दार अर्धं उघडलं, उजेड अगदी हवा तसा आला. जुळे मात्र पाठमोरे राहायला तयार नाहीत. दर दोन सेकंदांनी वळून 'झालं का?' बघायचे. शेवटी त्यांच्यासमोरच्या भिंतीला टॅब्लेट टेकवून कार्टून लावलं, तेव्हा कुठे माना स्थिर झाल्या. फोटो छान आला आणि खोटा दिसला. उजेड तोच, हात तसाच, पण तिघांचीही पोटं भरलेली होती. मैत्रिणीला विचारलं, तशी बसल्यावर काय वाटलं गं? म्हणाली, "काही नाही, कोपर दुखत होतं. चहा टाक."

पण या निमित्ताने वाचलं ते सांगते. लँगने त्या बाईला नाव विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं 1978 मध्ये, तेही तिने स्वतः पुढे येऊन सांगितल्यावर. मूळची चेरोकी होती. तो फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, असं तिचं म्हणणं होतं. जगभर छापला गेला, तिला एक पैसा मिळाला नाही. आणखी एक बारीकशी गोष्ट. मूळ फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा दिसत होता. लँगला तो खटकला, म्हणून तिने नंतर निगेटिव्हवरून तो पुसून घेतला. नीट बघितलंत तर त्याची पुसट खूण अजून दिसते.

तिसरं चित्र मी आधीपासून मनात धरलं होतं. दिवा हातात घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी बाई. सांगलीला आमच्या माजघरात ते कॅलेंडरवर होतं आणि आम्ही सगळे ते रविवर्म्याचं समजत होतो. तुम्हीही समजत असाल तर सांगते, ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे. मैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे आणि जलरंगात आहे, म्हणजे चुकलं तर वरून रंग चढवून झाकायची सोय नाही. समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. गीताताई उपळेकर नावाने त्या पुढे कोल्हापूरला राहिल्या आणि शंभरी ओलांडून 2018 मध्ये गेल्या. बोटांच्या कडा लाल दिसतात ना, ती काही कल्पना नाही. लहानपणी टॉर्चवर तळहात ठेवून बघायचो तसंच ते, मांसातून उजेड आरपार येतो.

लेक शनिवारी होबोकनहून ट्रेनने आली. माझी इरकल नेसली, म्हणजे मी नेसवली. डायनिंग रूममधले सगळे दिवे बंद, पडदे ओढलेले, धुराचा अलार्म ह्यांनी आधीच काढून ठेवलेला. पितळेचं निरांजन, साजूक तूप, फुलवात. बॅटरीचा छोटा दिवा वापर, असं सरांनी सुचवलं होतं. पण निरांजनाच्या जागी बॅटरी? माझ्यातली सांगली जागी झाली. एका ज्योतीच्या उजेडात फोटो काढायचा तर शटर पाव सेकंद तरी उघडं ठेवावं लागतं. पाव सेकंद ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्यात माणूस श्वास घेतं, मान कलते आणि चेहरा पुसल्यासारखा होतो.

"हलू नकोस," मी म्हटलं. मग परत म्हटलं. दहा-बारा वेळा म्हटलं असेन. तिने निरांजन टेबलावर ठेवलं.

"आई, हे तू मला किती वर्षं म्हणतेयस, माहितीये?"

मला वाटलं, चेष्टा करते आहे.

तुमच्यापैकी जुन्या मंडळींना 2005 चा आपला दिवाळी अंक आठवत असेल. मुखपृष्ठावर परकर-पोलक्यातली एक मुलगी होती, दारातल्या रांगोळीपाशी पणत्यांचं ताट घेऊन उभी. ती ही. आठ वर्षांची. फोटो मीच काढला होता. त्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात किती जणांनी मला थांबवून कौतुक केलं! सांगलीला तो फ्रेम करून आईच्या देवघराशेजारी लागला आणि ती असेपर्यंत तिथेच होता.

लेक म्हणाली, "मला थंडी वाजत होती. जॅकेट घालू दिलं नाहीस, फोटोत दिसेल म्हणून. आणि ताट भरून गरम तेल सांडलं होतं. अंगठा भाजला माझा. मी सांगितलं तुला. तू म्हणालीस, आणखी एकच."

"मग ताट खाली का नाही ठेवलंस गं?"

"तू म्हणालीस, आजीला पाठवायचाय."

मला हे आठवत नाही. खोटं कशाला सांगू? त्या संध्याकाळचं बाकी सगळं आठवतं. परकर मोरपंखी होता, चकल्या मऊ पडल्या होत्या, रोल छत्तीसचा होता आणि त्यातले शेवटचे नऊ फोटो उरले होते. हे तेवढं आठवत नाही.

आम्ही वरून अल्बम काढला. मूळ फोटो मुखपृष्ठापेक्षा स्पष्ट आहे. दोन्ही हातांत ताट, चेहऱ्यावर उजेड, आणि उजवा अंगठा ताटावर नाही. वर उचललेला आहे, ताठ. तेव्हा ती भरतनाट्यम शिकत होती. इतकी वर्षं मला ती मुद्रा वाटायची. लोकांनाही मी तसंच सांगत आले.

मी सॉरी म्हटलं. मराठीत काय म्हणावं ते पटकन सुचेना. 'चुकलं माझं' हे मी आजवर बहुधा फक्त देवापुढे म्हटलं आहे. ती म्हणाली, "इट्स ओके, आई." आपल्या मुलांचा तो सूर तुम्हाला ठाऊक असेल, त्यावर पुढे बोलता येत नाही. मग तिनेच पदर सारखा केला. "चल, तुझा होमवर्क संपव. पण बॅटरीचा दिवा आण." आणला. दहा मिनिटांत फोटो झाला. तिन्हींत तोच उत्तम, असं सर म्हणाले, आणि ज्योत खरी नाही हे वर्गात कुणालाही ओळखता आलं नाही.

राहिला चौथा. आमच्या अल्बममध्ये मी जवळजवळ नाहीच. कॅमेरा कायम माझ्या हातात, आणि ह्यांनी जे दोन-चार फोटो काढले त्यांत माझं कपाळ कापलेलं. वर्गात सरांनी रॉबर्ट कॉर्नेलियसचा फोटो दाखवला होता. 1839 साली, इथून दीड तासावरच्या फिलाडेल्फियात, या पठ्ठ्याने स्वतःचा फोटो काढला. माणसाचे म्हणून जे अगदी पहिले फोटो आज शिल्लक आहेत त्यांतला तो एक. केस विस्कटलेले, फोटोच्या मध्यातही नीट आलेला नाही. आणि आपल्या जर्सीतच जन्मलेली सिंडी शर्मन. तिच्या बहुतेक फोटोंत तीच असते, पण त्यांना ती स्वतःची चित्रं म्हणत नाही. मी दोघांकडे पुष्कळ वेळ बघितलं. मग पुढच्या मंगळवारी, हे ऑफिसला गेल्यावर, पडदे ओढले आणि निरांजन लावलं. खरं.

फोकससाठी आधी माझ्या जागी झाडू उभा केला, त्याला स्कार्फ गुंडाळला. कॅमेरा दर पाच सेकंदांनी एक फोटो घेईल असं लावलं, चाळीस फोटो. मग झाडू बाजूला करून मी उभी राहिले. पहिल्या दहांत मी कॅलेंडरवरच्या बाईसारखी दिसायचा प्रयत्न करते आहे. ते फोटो मी कुणालाही दाखवणार नाही. विसाव्याला खांदा भरून आला. चाळीस झाले, निरांजन खाली न ठेवता तसंच बटण दाबून आणखी चाळीस लावले. आता पितळ तापलं होतं. 'बोटं बदल' असं मन म्हणत होतं आणि 'हलू नकोस' असंही मन म्हणत होतं, दोन्ही माझ्याच आवाजात. दिवा हातात घेऊन वडिलांपुढे उभं राहणं, तेही एक अख्खं चित्र पुरं होईपर्यंत! गीताताईंचा हात किती वेळा अवघडला असेल?

सत्तेचाळिसावा फोटो मी दिला. त्यात मी कॅमेऱ्याकडे बघत नाही, खाली हाताकडे बघते आहे. कपाळाला आठी आहे, चेहरा थोडा हललेला आहे आणि अंगठा वर आहे. सरांनी बी प्लस दिला आणि फोकसबद्दल दोन ओळी लिहिल्या. त्या बरोबर आहेत. लेकीला पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "आई, बर्फ लाव." खाली हसणारा चेहरा होता की नव्हता, मी पुन्हा पुन्हा बघितलं. होता.

आता या पानाबद्दल. लेखासोबत दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापू, असं संपादकांनी सुचवलं, 2005 चा आणि यंदाचा. माझा दिला. तिचा देण्याआधी या वेळी तिला फोन करून विचारलं. तिने एक दिवस घेतला आणि नको म्हणाली. म्हणून या पानावर एकच फोटो आहे.