नंबर, सूर आणि मैत्रीण

शाळांमध्ये जुलै ते जानेवारी हा स्पर्धांचा मोसम असतो. निबंध, वक्तृत्व, हस्ताक्षर, रेखाकला, विज्ञान प्रदर्शन, समूहगीत, आणि उर्दू वर्ग असतील तिथे बैतबाजी, किरअत, नात. घरोघरी मुलं आरशासमोर हात हलवून भाषणं पाठ करत असतात आणि अम्मी पोळ्या लाटता लाटता ती ऐकत असते. पालकहो, हे दृश्य आपल्या सगळ्यांच्याच घरातलं आहे. म्हणून या महिन्यात स्पर्धांबद्दल लिहायचं ठरवलं आहे, तेही एका विद्यार्थिनीच्या नजरेतून.

मी शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. आमच्या वर्गात एक रिवाज आहे. स्पर्धेला जाऊन आलेल्या मुलाने एक पान लिहायचं, पण त्यात निकाल लिहायचा नाही. कोण जिंकलं ते सगळ्यांना माहीतच असतं. त्याखेरीज काय आठवतं ते लिहायचं. बहुतेक मुलं अर्ध्या पानात आटोपतात. बसमध्ये उलटी झाली, जेवणात जिलेबी होती, माईक खराब होता. मात्र नववीतल्या एका मुलीने दिवाळीच्या सुट्टीनंतर चांगली सात पानं लिहून दिली. तिच्या आणि तिच्या अम्मीच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता, त्यातला काही भाग मी तुमच्यासमोर ठेवते आहे.

ही मुलगी आणि तिची मैत्रीण पाचवीपासून एका बाकावर बसणाऱ्या. डबा एक, सायकल एक, कधी कधी वहीसुद्धा एक. दोघींचा गळा चांगला. बैतबाजीच्या संघातही दोघी सोबतच. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: एका संघाने शेर म्हणायचा, तो ज्या अक्षरावर संपतो त्या अक्षराने सुरू होणारा शेर दुसऱ्या संघाने म्हणायचा. पुष्कळ शेर ‘अलिफ’, ‘नून’ किंवा ‘ये’वर संपतात, त्यामुळे या अक्षरांचे शेर लवकर संपून जातात. हुशार संघ ते राखून ठेवतो आणि समोरच्याला एखाद्या अवघड अक्षरावर अडकवतो. एकट्याच्या पाठांतरावर हा खेळ जिंकता येत नाही. एकीला आठवलं नाही तर दुसरीला आठवावं लागतं. या दोघी त्यात पटाईत होत्या.

मग गायनाच्या एका स्पर्धेसाठी शाळेतून एकच नाव पाठवायचं होतं. आजकाल पुष्कळ स्पर्धा शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. केंद्र सरकारचा ‘कला उत्सव’ 2015 पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठी असाच चालतो. पायरी जसजशी वर जाते तसतशी ती अरुंद होते. आमच्या या विद्यार्थिनीची निवड झाली, मैत्रिणीची झाली नाही. पुढे तालुक्याला तिचा दुसरा नंबर आला आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या आठ दिवसांच्या संगीत शिबिरात तिला जागा मिळाली.

आता घरचा प्रश्न आला. अब्बांचं मन तयार नव्हतं. हम्द, नात इथवर ठीक, पण तानपुरा, तबला आणि आठ दिवस घराबाहेर? नानीचं म्हणणं वेगळं होतं. संगीताबद्दल आपल्या घराघरांत एकसारखं मत नाही, हे आपण सगळे जाणतो. कुणाला ते पसंत आहे, कुणाला मर्यादेत चालतं, कुणाला अजिबात चालत नाही. प्रत्येक घराने आपला निर्णय करावा, त्यात मी पडत नाही. मात्र या घराने एक गोष्ट चांगली केली. त्यांनी चार दिवस घेतले, शिबिरात मुलींची राहण्याची सोय कशी आहे, सोबत कोण शिक्षिका आहेत, गाणी कोणती आहेत, हे सगळं विचारलं आणि मग ‘हो’ म्हटलं. मुलीसमोर बसून म्हटलं. ‘नाही’ म्हणायचं असतं तरी त्यांनी ते असंच समोर बसून सांगितलं असतं, असं मला वाटतं. मुलाला त्रास होतो तो आदल्या रात्री निघणाऱ्या फर्मानाचा. महिनाभर तयारी करू द्यायची आणि बस निघताना नाव काढून घ्यायचं, याने मूल संगीतापासून दूर जात असेल-नसेल, आई-वडिलांपासून मात्र नक्की दूर जातं.

शिबिर मिरजेच्या परिसरात होतं. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगार कुटुंबातल्या कारागिरांनी, म्हणजे तलवारी-हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, सतार आणि तानपुरे बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. धंदाच आडनाव झाला. आजही दर्ग्याच्या परिसरात त्यांची दुकानं आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे वाळवून त्यांचे तुंबे बनतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मुलांना तिथे एक दिवस नेलं होतं. आमची विद्यार्थिनी लिहिते की एक बुजुर्ग कारागीर तारेखाली सुताचा दोरा सरकवत होते, एक केसभर पुढे, एक केसभर मागे, आणि मान तिरकी करून ऐकत होते. यालाच जवारी लावणं म्हणतात. तिने विचारलं, “चाचा, झालं हे कसं कळतं?” ते म्हणाले, “बेटा, तार बोलायला लागते.”

याच मिरजेत किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले. 1937 मध्ये त्यांचं निधन झालं. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि उरुसात त्यांच्या नावाने संगीत सभा भरते. त्यांचे शागीर्द रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. हे ऐकून मुलीने वहीत लिहिलंय, “यांच्यापैकी कुणाचा तालुक्याला कितवा नंबर आला होता हे कुणीच सांगितलं नाही.” हे वाक्य वाचून मी हसले आणि मग बराच वेळ त्यावर विचार करत राहिले.

शिबिरात नंबर नव्हते. पहाटे खर्जाचा रियाज, मग तानपुरा लावायला शिकणं. तानपुऱ्याला चार तारा. बहुधा पहिली पंचमात, मधल्या दोन जोडीच्या षड्जात, शेवटची खर्जात. मधल्या दोन तारा तंतोतंत एकसारख्या लागल्या की दोन वाजतात असं वाटतच नाही. सकाळी एक तास नुसता ‘सा’. पहिले दोन दिवस तिला कंटाळा आला, तिसऱ्या दिवशी कळायला लागलं. संध्याकाळी समूहगीत. तिथे गुरुजींनी तिला सर्वांसमोर सांगितलं, “तुझा आवाज मोठा आहे म्हणून तू पुढे जातेस. शेजारची ऐकू येईल एवढंच गा.” स्पर्धेत जे गुण म्हणून मोजलं गेलं होतं, ते इथे दोष ठरलं. तिला आधी वाईट वाटलं. पण पाचव्या दिवशी वीस आवाज एकात मिसळले आणि आपला आवाज कुठला ते तिचं तिलाच कळेना. ती लिहिते, “मला वाटलं होतं हरवल्यासारखं होईल, पण तसं झालं नाही.”

खोलीत तिच्यासोबत दुसऱ्या जिल्ह्यातली एक मुलगी होती. हिच्याहून कितीतरी सरस गाणारी. पहिल्या रात्री हिला झोप आली नाही. ती आजारी पडावी असंसुद्धा क्षणभर मनात आलं, हे तिने प्रामाणिकपणे लिहिलं आहे. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने हिला तान कशी तोडून घोकायची ते दाखवलं, काही न मागता. तिच्या घरी देव्हारा, हिच्या घरी जानमाज. पहाटे ही फजरला उठायची तेव्हा त्या मुलीलाही उठवायची, म्हणजे दोघी रियाजाला वेळेवर पोचायच्या.

इथे मला उर्दूतले दोन शब्द आठवतात. ‘हसद’ आणि ‘रश्क’. हसद म्हणजे जे दुसऱ्याकडे आहे ते त्याच्याकडे राहू नये असं वाटणं. रश्क म्हणजे त्याच्याकडे आहे ते त्याला लखलाभ, मलाही तसं मिळो असं वाटणं. मराठीत साधारण ‘मत्सर’ आणि ‘हेवा’ यांच्यात असाच फरक करता येईल, जरी बोलताना आपण दोन्ही मिसळून टाकतो. मुलाच्या मनात पहिल्या रात्री हसद आला म्हणून ते मूल वाईट होत नाही. मोठ्यांच्या मनातही तो येतो. तो रश्कमध्ये बदलायला काय लागतं? अनेकदा एवढंच लागतं की समोरच्याजवळ जाऊन बसावं. दुरून फक्त बक्षीस दिसतं. जवळ गेलं की पहाटेचा रियाज दिसतो.

आता सगळ्यात अवघड पान. शिबिराची निवड झाल्याचं तिने मैत्रिणीला दोन आठवडे सांगितलंच नव्हतं. तिला वाईट वाटेल म्हणून. मैत्रिणीला ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं, शाळेच्या नळावर. डबा वेगळा झाला, बाक बदलला. शिबिरातून आल्यावर अम्मीच्या सांगण्यावरून ही तिच्या घरी गेली. खाला दारात म्हणाल्या, “ये बेटा, चहा घे.” पण मैत्रीण आतून बाहेर येईना. शेवटी आली आणि म्हणाली, “तुझी निवड झाली म्हणून मला राग नाही. तू मला न सांगण्याइतकी परकी समजलीस म्हणून आहे.”

पालकहो, हे वाक्य आपण मोठ्यांनीही जपून ठेवावं असं आहे. मुलांची मैत्री स्पर्धेमुळे तुटते असं आपण म्हणतो. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलं आहे की हरण्यापेक्षा लपवण्याने ती जास्त तुटते. हरलेल्या मुलाला निकाल सोसता येतो. आपल्याला वगळलं, आपली दया केली, हे त्याला सोसत नाही. त्या दोघी अजून एका बाकावर बसत नाहीत. बैतबाजीचा सराव मात्र पुन्हा सोबत सुरू झाला आहे. एक शेर विसरली की दुसरी ओठ हलवते. पुढचं त्यांचं त्या पाहतील.

या निमित्ताने काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. समजा एका स्पर्धेत चोवीस मुलं आली. बक्षिसं तीन. म्हणजे एकवीस मुलं रिकाम्या हाताने घरी परततात. दारात पाऊल ठेवताच आपण “कितवा नंबर?” विचारलं, तर त्या एकवीस जणांकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. त्याऐवजी “आज सगळ्यात छान कोण बोललं? काय बोललं?” असं विचारून पाहा. मूल दुसऱ्याचं कौतुक करायला शिकतं, आणि बोलता बोलता स्वतःचं कुठे कमी पडलं तेही आपणहून सांगतं.

दुसरं, स्पर्धेसोबत परीक्षेचाही विचार करा. शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा, किंवा संगीताच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा यांत कुणाला हरवायचं नसतं. तयारी केलेली सगळी मुलं पास होऊ शकतात. रेखाकला आणि शास्त्रीय कला यांच्यासाठी नियमांनुसार दहावीला वाढीव गुणही मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो, म्हणून प्रमाणपत्रं जपून ठेवा आणि वर्गशिक्षकांना वेळेत भेटा.

तिसरं, ज्या घरात वाद्यसंगीत चालत नाही, त्यांनी शाळेला वर्षाच्या सुरुवातीलाच तसं मोकळेपणाने सांगावं आणि त्याच वेळी मुलाला दुसरं दार उघडून द्यावं. वक्तृत्व आहे, खत्ताती आहे, बैतबाजी आहे, विज्ञान प्रदर्शन आहे. नुसतं ‘नाही’ ऐकलेलं मूल कोपऱ्यात बसतं. ‘हे नाही, पण ते कर’ असं ऐकलेलं मूल कामाला लागतं.

आणि जिंकलेल्या मुलाला एक काम जरूर द्या. बातमी आपल्या जिवलग मित्राला त्याने स्वतः सांगावी, त्याच दिवशी. मग मिठाईचा पुडा त्याच्या घरी न्यावा.

आता जानेवारीत स्नेहसंमेलनं येतील. आपल्यापैकी अनेकांची मुलं मंचावर असतील आणि त्याहून जास्त मुलं मंचाखाली सतरंजीवर बसलेली असतील. टाळ्या वाजवणाऱ्या त्या मुलांकडेही त्या दिवशी जरा पाहा. त्यातलं एखादं मूल आपल्या मित्राच्या गाण्यावर मनापासून टाळी वाजवत असेल. घरी आल्यावर त्याला जवळ घ्या. त्या दिवशी त्याने जे कमावलं त्याचं प्रमाणपत्र कुठेच मिळत नाही.