अहवाल हिरवे, हिशेब कोरे

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कुंभारी या गावाच्या माळावर गेल्या दोन दशकांत एका शहराएवढी वस्ती उभी राहिली आहे. २००६ मध्ये येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत साकारली आणि तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांच्या स्वाधीन झाली. पुढे ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाची पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातील पंधरा हजार घरे त्यांच्याच हस्ते यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे आणि वाहनचालक यांना मिळाली. दोन पंतप्रधान, दोन परस्परविरोधी राजकीय विचारधारा आणि गाव मात्र एकच!

गरिबाच्या डोक्यावर छप्पर आले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. ज्यांनी त्यासाठी झटून पाठपुरावा केला, त्यांच्या विचारसरणीशी मतभेद असले, तरी या कामाचे मोल कमी होत नाही. परंतु या आनंदाच्या तळाशी एक प्रश्न आहे आणि तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही. ज्या स्त्रीने पंचवीस-तीस वर्षे रोज शेकडो विड्या वळल्या, ज्या कामगाराने हयातभर मागाच्या खडखडाटात टॉवेल विणले, त्यांना स्वतःच्या मजुरीतून दोन खोल्यांचे घर का बांधता आले नाही? त्यांच्या श्रमावर झालेला नफा कोणाच्या ना कोणाच्या खतावणीत जमा झालाच असेल. मग त्यांच्या निवाऱ्याचा, औषधोपचाराचा आणि म्हातारपणाचा खर्च कोणाच्या नावे पडला? तो पडला सरकारी तिजोरीच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या नावे. आणि उरलेला त्या कामगाराच्या स्वतःच्या नावे.

गुळगुळीत कागदावरचे पुण्य

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे एक नवे प्रकरण भरभरून लिहिले जाते. पर्यावरण, समाज आणि सुशासन या त्रयीवर कंपनीने काय केले, याची ती कैफियत असते. ही पद्धत पश्चिमेकडून आली. आपल्याकडे २०११ मध्ये केंद्र सरकारने ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली; २०१२ मध्ये 'सेबी'ने आघाडीच्या शंभर नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला; आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना 'व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल' द्यावाच लागतो. वीज किती जाळली, पाणी किती उपसले, कचरा कोठे टाकला, कायम कामगार किती आणि कंत्राटी किती, असे प्रश्न त्यात असतात. प्रश्न चांगले आहेत. पाश्चात्त्यांकडून आले म्हणून ते त्याज्य ठरवण्याचे कारण नाही.

दोष आहे तो उत्तरे देण्याच्या रीतीत. त्यासाठी एका हिशेबाचे उदाहरण पुरेसे आहे. समजा, एका कंपनीची उलाढाल शंभर कोटींची आहे आणि तिच्या धुराड्यांतून वर्षाला एक हजार टन कर्बवायू बाहेर पडतो. पुढील वर्षी मालाच्या किमती वाढून उलाढाल एकशेवीस कोटींवर गेली आणि कर्बवायू एक हजार पन्नास टन झाला. हवेत पन्नास टन विष अधिक मिसळले. पण दर कोटी रुपयांमागचे प्रमाण दहा टनांवरून पावणेनऊ टनांवर आले! अहवालातील आलेख खाली उतरतो आणि त्याखाली 'तीव्रतेत साडेबारा टक्के घट' असे ठळक अक्षरांत छापता येते. 'सेबी'च्या नमुन्यात एकूण उत्सर्जनाचा आकडाही द्यावा लागतो, हे खरे. परंतु मुखपृष्ठावर आणि जाहिरातीत कोणता आकडा झळकतो, हे सांगायला ज्योतिषी नको.

'सचोटी फायद्याची असते' म्हणजे काय?

या अहवालांच्या समर्थकांचा लाडका युक्तिवाद असा, की ज्या कंपन्या शाश्वततेत पुढे असतात, त्यांचा नफाही अधिक असतो. म्हणून गुंतवणूकदारांनी अशा कंपन्यांना पसंती द्यावी. हा युक्तिवाद वरवर निरुपद्रवी वाटतो. पण त्यात कारण आणि परिणाम यांची बेमालूम अदलाबदल झालेली असते. ज्याच्या गाठीशी पैसा असतो, त्याला अहवाल लिहिणारा स्वतंत्र विभाग नेमणे, सल्लागार बोलावणे आणि मानांकने मिळवणे परवडते. श्रीमंताच्या वाड्याला रंग चांगला असतो, म्हणून रंगामुळे तो श्रीमंत झाला, असे कोणी म्हणेल काय?

शिवाय अशा प्रशस्तिपत्रांचा इतिहास फारसा आश्वासक नाही. हैदराबादच्या सत्यम कंपनीला २००८ मध्ये सुशासनाबद्दल आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच हिशेबात वर्षानुवर्षे खोटे आकडे भरल्याची कबुली दिली. जर्मनीच्या फोक्सवॅगनला सप्टेंबर २०१५ मध्ये जगातील एका प्रतिष्ठित शाश्वतता निर्देशांकाने मोटार उद्योगात अग्रस्थान दिले. त्याच महिन्यात त्यांच्या डिझेल मोटारी प्रदूषण चाचणीला फसवण्यासाठी खास संगणकप्रणाली वापरत असल्याचे उघड झाले. दोन्ही ठिकाणी अहवाल निर्मळ होते. मळ हिशेबात होता.

याहून गंभीर आक्षेप नैतिक आहे. कामगाराला माणसासारखे वागवणे फायद्याचे ठरते म्हणून तसे वागवावे, असे म्हटले, की ज्या दिवशी ते फायद्याचे राहणार नाही, त्या दिवशी न वागवण्याची मुभाही आपसूक मिळते. 'सचोटीने नफा वाढतो का', हा प्रश्नच उलटा आहे. 'हा नफा कोणाचे देणे बुडवून झाला', हा सरळ प्रश्न आहे.

कुंभारीपर्यंत न पोहोचणारी साखळी

आता या अहवालांच्या चौकटीत कुंभारीची विडी कामगार कोठे बसते, ते पाहू. विडी उद्योग बहुतांशी भागीदारी संस्था आणि खासगी मालकीच्या कारखान्यांच्या हाती आहे. शेअर बाजारात त्यांची नोंदणी नसल्याने 'सेबी'चा नियम त्यांना लागूच होत नाही. पाने आणि तंबाखू मोजून घ्यायची, घरी बसून विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, त्यातल्या नाकारल्या जातील तेवढ्यांवर पाणी सोडायचे, असा तिचा दिनक्रम. घर हाच कारखाना. म्हणून जागेचे भाडे मालकाला नाही, दिव्याचे बिल मालकाला नाही आणि घरभर पसरणारी तंबाखूची धूळही मालकाच्या नाकात जात नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे.

यंत्रमाग कामगाराची कथा थोडी वेगळी. त्याने विणलेला टॉवेल एखाद्या मोठ्या, नोंदणीकृत कंपनीच्या दुकानात पोहोचू शकतो. म्हणूनच २०२३ मध्ये 'सेबी'ने पहिल्या अडीचशे कंपन्यांना पुरवठादारांच्या साखळीचीही माहिती द्यायला सांगितले, तेव्हा आशा वाटली होती. परंतु मार्च २०२५ च्या परिपत्रकाने व्यवसायसुलभतेच्या नावाखाली ही माहिती ऐच्छिक केली. शिवाय ज्या पुरवठादाराचा कंपनीच्या खरेदीतील वाटा दोन टक्के वा अधिक, तेवढ्यांचीच गणना. सोलापूरच्या चार मागांच्या कारखानदाराचा वाटा कोणत्या बलाढ्य कंपनीत दोन टक्के असणार? जाळ्याची भोकेच एवढी मोठी ठेवली, की लहान मासा दिसूच नये!

वहीत ओळ असली, की वर्तन बदलते

यावर उपाय नाही असे नाही. आपल्याच कायद्यांत तो होता आणि आहे. १९७६ मध्ये संसदेने विडी कामगार कल्याण उपकर लागू केला. हजार विड्या तयार झाल्या, की ठरावीक रक्कम कल्याण निधीत जाई आणि त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरकुलांची अनुदाने यांचा खर्च भागे. 'शाश्वतता' हा शब्दही तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पण कामगाराच्या आयुष्याचा थोडा का होईना, खर्च विडीच्या उत्पादनखर्चात धरला गेला होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. कररचना सुटसुटीत करण्याचा हेतू योग्यच होता. परंतु मालाच्या खर्चातील ती ओळ पुसली गेली आणि कल्याणाचा भार सर्वसाधारण अंदाजपत्रकावर आला, हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण ताजे आहे. लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांच्या आत चुकवावीत, असे २००६ चा कायदा सांगत होता. मोठे खरेदीदार तो सर्रास धाब्यावर बसवत. २०२३ मध्ये आयकर कायद्यात दुरुस्ती झाली, की मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा मिळणार नाही. १ एप्रिल २०२४ पासून ती लागू होताच गावोगावच्या बाजारपेठांत एकच धावपळ उडाली. लेखापाल जुनी बिले शोधू लागले. सतरा वर्षे जी सद्बुद्धी सुचली नव्हती, ती एका कलमाने सुचवली!

'बिगर-आर्थिक' म्हणून बाजूला ठेवलेली बाब कधी ना कधी रुपयांतच वसूल होते, याचा दाखला सोलापूरने जवळून पाहिला आहे. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची उंच चिमणी परवानगी आणि विमानतळाच्या वादात वर्षानुवर्षे अडकली आणि १५ जून २०२३ रोजी महापालिकेने ती पाडली. त्या वादात बाजू कोणाचीही खरी असो. शेतकरी सभासदांच्या कारखान्याने उभारलेली वास्तू काही क्षणांत मातीस मिळाली. एवढ्या मोठ्या जोखमीला ताळेबंदात जागा नसेल, तर तो ताळेबंद पूर्ण कसा म्हणावा?

अंत्योदयाचा ताळेबंद

म्हणून मागणी साधी आहे. शाश्वततेचा अहवाल आणि नफा-तोटा पत्रक ही दोन वेगळी पुस्तके राहता कामा नयेत. प्रमाणाच्या शेजारी एकूण आकडा तितक्याच ठळक अक्षरांत छापला पाहिजे. कंत्राटी आणि घरबसल्या कामावर किती रुपये खर्च झाले आणि तेच काम कायम कामगाराकडून करून घेतले असते, तर किती खर्च झाले असते, हा फरक हिशेबाच्या टिपणांत लेखापरीक्षकाच्या सहीनिशी आला पाहिजे. विडीसारख्या नोंदणीबाह्य उद्योगांसाठी मालामागे कल्याण आकारणीची जुनी वाट नव्या कररचनेत बसवता येते का, याचा विचार शासनाने करावा.

आणि ही जबाबदारी केवळ शासनाची नाही. आज मध्यमवर्गीय घराघरांतून दरमहा म्युच्युअल फंडात हप्ता जातो. म्हणजेच या कंपन्यांचा मालक आता कोणी दूरचा शेठजी उरलेला नाही. तो आपल्याच घरात, चहाच्या टेबलाशी बसलेला आहे. वर्षाअखेरीस परतावा किती टक्के मिळाला, एवढेच विचारून जो थांबतो, त्याला कारखानदाराच्या नफेखोरीवर प्रवचन देण्याचा अधिकार उरत नाही. आपल्या विचारांच्या मंडळींनी चालवलेल्या पतसंस्था, सहकारी बँका, रुग्णालये आणि शाळा तरी आपल्या सफाई कामगाराला, रखवालदाराला कंत्राटदारामार्फत किती मजुरी पोहोचते, हे आपल्या वार्षिक सभेत एका पानावर वाचून दाखवतील काय? अंत्योदय हा शब्द व्यासपीठावरून उच्चारणे सोपे आहे. तो ताळेबंदात लिहिणे कठीण आहे.

कुंभारीच्या माळावरील घरे समाजाने फेडलेले ऋण आहेत. ते ऋण मुळात ज्यांच्या वहीवर होते, त्यांच्या वहीवर ते दिसू लागेल, त्या दिवशी त्या गुळगुळीत अहवालांना अर्थ येईल. तोवर ते छापण्यासाठी तोडलेल्या झाडांची संख्या तेवढी कोणीतरी मोजावी.