जादा वार कोणाला द्यावा?

खेळात नवख्याला एका पाळीत दोन वार करू दिले, तर तो इतरांवर अन्याय आहे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण कल्पित वीर घेऊन टेबलाभोवती फाशांनी खेळायच्या खेळांची आवड असलेल्या माझ्या मित्रांत यावर कडाक्याचे वाद होतात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा मूळ खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. प्रत्येक खेळाडूचे पात्र पहिल्या पातळीपासून वर चढत जाते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत फायटर म्हणजे शस्त्रधारी लढवय्याला दुसरा वार पाचव्या पातळीवर मिळतो. ‘मंक’ या मठात तयार झालेल्या योद्ध्याला मात्र काठीच्या वारामागून हाताचा एक जादा फटका पहिल्याच पातळीपासून आहे. तेव्हा समोर येणाऱ्या गॉब्लिन नावाच्या शत्रूचा जीव अवघा ७ गुणांचा! पहिल्या वारात एक आडवा झाला, तर दुसरा वार लगेच दुसऱ्यावर. मग बाकीच्यांनी काय नुसते बघत बसायचे?

तक्रारीत तथ्य आहे. शत्रू दुबळा असतो तेव्हाच जादा वाराचे मोल सर्वांत अधिक असते. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. मंकच्या फटक्याला आरंभी चार बाजूंचा फासा, तर लढवय्याच्या लांब तलवारीला आठ बाजूंचा. मंकचा जीवही लढवय्यापेक्षा कमी. आणि मुख्य म्हणजे मंकने चिलखत चढवले किंवा ढाल घेतली की जादा फटका बंद! ज्याच्या अंगावर चिलखत नाही, त्यालाच तो मिळतो.

आता आपल्या घरचा अष्टाचंगा पाहा. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावी फरशीवर खडूने पट आखून चार चिंचोक्यांवर तो रंगतो. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा डाव. चिंचोके समतोल असतील तर सोळा शक्यतांपैकी दोन, म्हणजे आठात एकदा. शिवाय दुसऱ्याची सोंगटी मारणाऱ्याला आणखी एक. “मारलं त अजून एक डाव,” असे आजी ठणकावून सांगते. वास्तविक हा नियम वरचढ असलेल्यालाच आणखी वर चढवणारा आहे. पण त्याबद्दल कोणी ब्रही काढत नाही. सवयीचा जादा डाव आपल्याला दिसत नाही, नवा तेवढा डोळ्यांत खुपतो.

याबाबतीत कबड्डीचे नियम मला अधिक शहाणे वाटतात. आपल्या अमरावतीला या खेळाचे महत्त्व सांगायला नको. १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिके दाखवली होती. आजच्या नियमांत चढाई करणाऱ्याला बोनस रेषेचा गुण मिळतो, तो समोर किमान सहा बचावपटू असतील तरच. उलट बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले आणि त्यांनी चढाईपटूला पकडले, तर त्यांना एक गुण जादा. बाजू जड असेल तिथे बक्षीस नाही. अवघड असेल तिथे आहे.

म्हणून माझे मत असे : आरंभीचा जादा वार मुळात वाईट नाही. चिलखतही द्यायचे, तलवारही द्यायची आणि वर दुसरा वारही फुकट द्यायचा, हे वाईट. असा नियम कोणत्याही पातळीवर खेळ बिघडवील.

हा वाद टेबलापुरता राहत नाही. शिष्यवृत्ती, फीची सवलत, वसतिगृहातली जागा यांविषयी “यांना फार मिळते” असे आपल्याच व्हरांड्यात ऐकू येते. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, इंग्रजी समजावणारे वडील आहेत, त्यांचे चिलखत कोणी मोजत नाही. कारण ते सवयीचे आहे. आमचा दुसरा वार जरूर मोजा. पण मोजायला बसलात, तर दोन्ही बाजूंचे मोजा.